लॅपटॉपला वायफाय मिळेना? आधी दोष कुठे आहे ते शोधा

लॅपटॉपवर नेट चालेना की कुणी केबलवाल्याला फोन लावतं, कुणी लॅपटॉप काखोटीला मारून थेट साताऱ्यात पोवई नाक्यावर फॉरमॅट मारायला नेतं. निम्म्या वेळा दोन्हींची गरज नसते. फॉरमॅटने तर डेटा जातो आणि दोष राउटरमध्ये असेल तर तो तिथंच राहतो.

मोबाइलचा डेटा बंद करा आणि मोबाइल घरच्या वायफायला जोडा. त्यावरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर बहुधा वायर तुटली किंवा दुमडली आहे, ते काम केबलवाल्याचंच. मोबाइलवर नेट आहे पण लॅपटॉपवर नाही, तर डेटा चालू करून मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉटवर चाललं, तर लॅपटॉपचं वायफाय कार्ड बहुतेक ठीक आहे, गडबड राउटरशी जुळण्यात आहे. हॉटस्पॉटवरही अडलं, तर लॅपटॉप तपासायचा.

राउटरकडे वळताना आधी अडॅप्टर बघा. लाईट सारखी ये-जा करते तिथं अडॅप्टर कमजोर होतो, मग राउटर अधूनमधून आपोआप बंद-चालू होतो आणि नेट तुटतं. नवा घेताना जुन्यावर लिहिलेला व्होल्ट तोच हवा (बहुतेक राउटरना १२, काहींना ९), अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. पिनही तशीच हवी. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट मात्र करू नका. त्यात केबलवाल्याने भरलेलं यूजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं आणि मग तो येईपर्यंत सगळं घर नेटविना. राउटर नुसता बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

मंगळवार पेठेत, शनिवार पेठेत जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडी भिंती जाड असतात. तिथं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. नावाच्या शेवटी '५जी' असलेलं सोडून २.४ वालं जोडा. वेग कमी, पण टिकतं. दाट वस्तीत शेजारच्यांचे राउटर एकमेकांना अडवतात, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा. राउटर १३ वर गेला तर काही लॅपटॉपना ते वायफाय यादीत दिसतच नाही. राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ ठेवला असेल तर जुना लॅपटॉप जोडला जात नाही, डब्ल्यूपीए २ करा.

आता लॅपटॉप. वायफायचं चिन्हच गायब असेल तर आधी एअरप्लेन मोड बघा. मग लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि चालू करा. अडकलेलं कार्ड पुष्कळदा यानेच परत दिसतं. नाही दिसलं तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखालचं वायफाय कार्ड अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुसण्याची खूण न करता, आणि रीस्टार्ट द्या. झाकण मिटून उघडल्यावर वायफाय तुटत असेल तर तिथंच त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची खूण काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब नसतो.

'कनेक्टेड' दिसतं पण पान उघडत नाही? कॉलेजात लावलेला प्रॉक्सी (नेट मधल्या सर्व्हरमार्फत नेणारी सेटिंग) घरी तसाच राहिला का बघा आणि बंद करा. आयपी (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) ऑटोमॅटिकवर ठेवा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही: लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फर्गेट' करा, राउटर बंद-चालू करा, पुन्हा जोडा. तारीख चुकलेली असली तरी सुरक्षित साइट उघडत नाहीत. जुन्या लॅपटॉपमध्ये तारीख वारंवार मागे जात असेल तर आतला छोटा सेल संपला आहे.

राउटरजवळ फुल रेंज आणि दुसऱ्या खोलीत गेलं की शून्य, तेही रॅम किंवा बिजागरी बदलून आणल्यावर? बहुधा अँटेनाच्या तारा निसटल्या आहेत. वायफाय कार्डावर बहुधा एक काळी, एक पांढरी अशा दोन बारीक तारा असतात, टोकाला मोहरीएवढं पितळी बटण. दुरुस्तीवाल्यासमोर मागचं कव्हर उघडायला लावा आणि दोन्ही बसवल्यात का पाहा. नखाने सरळ खाली दाबल्या की टक् आवाज येतो. तिरकं दाबलं तर कार्डावरची कडी चेपते. कार्डच गेलं असेल तर यूएसबी डोंगल घ्या, ड्युअल बँडचाच (२.४ आणि ५ दोन्ही चालणारा), आणि तो निळ्या यूएसबी ३ पोर्टमधल्या हार्ड डिस्कपासून लांब लावा, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच येतो.