विदर्भात जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना: नाव नको, नेक पाहा

१९५९ची लेस पॉल (गिब्सन कंपनीची नावाजलेली गिटार) वडसा-आरमोरीकडे मिळणार नाही, आणि मिळालीच तर शेत विकावं लागेल. क्लासिक रॉकचा आवाज हवा असेल तर १९८०-९०च्या दशकातली कोरियन किंवा जपानी बनावटीची गिटार शोधा. ऑर्केस्ट्रा पार्ट्या, लग्नाचे बँड, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे वादक यांच्याकडे विचारा, पण नाटकांचा हंगाम उरकल्यावर. हंगामात कोणी हातचं वाद्य सोडत नाही.

सोबत मल्टिमीटर, गिटारची केबल, स्टीलची पट्टी आणि अ‍ॅलन की न्या. मोटारसायकल मेकॅनिककडून टॅपेट लावायचा फिलर गेजही (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) मागून घ्या.

पडून राहिलेल्या गिटारीच्या तारा सैल असतात आणि तेव्हा वाकडी नेकही (तारांखालचा लांब दांडा) सरळ दिसते. म्हणून आधी पूर्ण सुरात लावा, अर्धा तास तशीच राहू द्या. मग जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट फिलर गेजने मोजा. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर उत्तम. फट मिलिमीटरभर निघाली तर मालकाला विचारून ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) नट पाव फेरा घट्ट करा. फट कमी झाली म्हणजे रॉड चालतोय. नट आधीच पूर्ण आवळलेला असेल तर जोर लावू नका, रॉड तुटतो. शेवटी एक डोळा मिटून ब्रिजकडून (गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती जागा) नेककडे पाहा. दोन्ही कडा समांतर दिसत नसतील तर नेकला पीळ आहे. तो ट्रस रॉडने निघत नाही. तिथूनच राम राम करा.

मे महिन्यात, पारा ४५ला टेकतो तेव्हा, फिंगरबोर्डचं (नेकवरची, बोटं दाबायची फळी) लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना बोचतात. मालक त्यामुळे किंमत पाडून द्यायला तयार असतो, पण हे बारीक कानशीचं तासाभराचं काम आहे. कूलरच्या झोतात ठेवलेली गिटार मात्र नीट तपासा: स्क्रू, ब्रिज, पिकअप (तारांखालचा, आवाज टिपणारा चुंबक-कॉइलचा भाग), सगळीकडे गंज असू शकतो.

फ्रेटची उंची ०.६ मिमीच्या खाली गेली असेल तर फ्रेट बदलावे लागतील. हाच सर्वांत मोठा खर्च. नागपूरच्या कारागिराला त्याचा दर फोनवर आधीच विचारा आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करा.

आता वायरिंग. केबल जॅकमध्ये घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगची टीप व बाजू यांत मल्टिमीटर लावा. सिंगल कॉइल (एका कॉइलचा पिकअप) साधारण ५.५ ते ७, हंबकर (दोन कॉइलचा) ७ ते ९ किलोओहम दाखवतो. १३च्या वरचे पिकअप हेवी मेटलचे, जुन्या रॉकसाठी नकोत. २५० किंवा ५०० किलोओहम आलं तर तो आकडा पिकअपचा नसून व्हॉल्यूम पॉटचा (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) आहे, म्हणजे बहुधा कॉइलची किंवा तिच्या जोडणीची तार तुटली आहे. नॉब फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

‘अस्सल अमेरिकन’ म्हणून भाव सांगितला तर मागची पट्टी उघडून पॉटवरचे आकडे वाचा. १३७६६१२ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६६ सालचा बारावा आठवडा. मूळचा पॉट त्याच्या तारखेआधीच्या गिटारीत असू शकत नाही.

गिटारचा आवाज गावातल्या भोंग्यावर पारखू नका. गिटारच्या १२ इंची स्पीकरमध्ये ५ किलोहर्ट्झच्या वरची धार गळून जाते, भोंग्यात तीच कानात घुसते. बॅटरीवरचा लहान गिटार अ‍ॅम्प न्या. त्यावर ओव्हरड्राइव्ह पेडलचा (आवाज खरखरीत, फाटका करणारं पायाखालचं यंत्र) गेन कमी आणि लेव्हल जास्त ठेवा. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा. आवाज स्वच्छ होत गेला पण मेला नाही, तर पिकअप घेण्यासारखे आहेत.

घरी आणल्यावर अ‍ॅम्प लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. खेड्यात बोर्डाला तीन भोकं असतात, पण बऱ्याचदा अर्थिंगच्या भोकात वायर नसते. तारा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असल्याने हात तारांवर आणि ओठ माइकला असताना झटका बसू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.