मधलं पद फोडून अवयव: दोन संख्या शोधायच्या कशा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी माध्यमातून एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला) बसणाऱ्यांनी ही रीत हातात बसवूनच घ्यावी. पुढे वर्गसमीकरणं सोडवताना तीच लागते.

६क्ष² − ७क्ष − २० घेऊ. आधी सामाईक अवयव आहे का बघा, इथे नाही. (१२क्ष² − १४क्ष − ४० असतं तर २ बाहेर काढूनच पुढे जायचं, नाहीतर आकडे उगाच फुगतात.) पहिला सहगुणक (क्ष² पुढची संख्या) आणि स्थिरपद (क्ष नसलेलं पद) गुणा: ६ × (−२०) = −१२०. नुसत्या −२० च्या जोड्या शोधत बसणं ही नेहमीची चूक. ते फक्त क्ष² चा सहगुणक १ असतानाच चालतं.

आता गुणाकार −१२० आणि बेरीज −७ येईल अशी जोडी हवी. गुणाकार ऋण, म्हणजे चिन्हं वेगळी. बेरीज ऋण, म्हणजे चिन्ह सोडून मोठी असलेली संख्या ऋण. −२० व ६ ची बेरीज −१४, −१२ व १० ची −२, −१५ व ८ ची −७. जमलं. आता मधलं पद −७क्ष या जोडीने फोडा:

६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५)
= (२क्ष − ५)(३क्ष + ४)

पदांचा क्रम उलटा लिहिला तरी चालतो, पण मग −१५क्ष − २० मधून −५ काढताना कंसात ३क्ष + ४ येतं. इथेच बरेच जण ३क्ष − ४ लिहितात आणि दोन्ही कंस जुळत नाहीत. कंस जुळले नाहीत तर आधी चिन्हंच तपासा.

जोडी सापडतच नसेल तर ब² − ४अक काढा (अ म्हणजे क्ष² चा सहगुणक, ब क्ष चा, क स्थिरपद): ४९ + ४८० = ५२९ = २३². पूर्ण वर्ग आला की जोडी आहेच, आणि ती (−७ ± २३) ÷ २, म्हणजे ८ व −१५. पूर्ण वर्ग नसेल तर पूर्णांकांत अवयव पडत नाहीत. शोध थांबवून वर्गसमीकरणाचं सूत्र वापरा.