शाळेत पोरं कुठं मार खातात, ते आधी पोरांनाच विचारा

शाळा सुरक्षित करायची म्हटलं की पहिल्यांदा कॅमेऱ्याचा विषय निघतो. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, सीसीटीव्ही बसवूया." बसवा, पण भांडणाऱ्या दोन पोरांच्या मधे कॅमेरा येऊन उभा राहत नाही. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. पोरं ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळीच मार खातात, हे मी कायम बघत आले आहे. ती जागा आणि वेळ हुडकून तिथं एक मोठं माणूस उभं केलं की निम्मं काम झालं.

हुडकायची कशी? जूनमध्ये शाळा रुळली की चौथी ते सातवीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढायला सांगा. व्हरांडा, नळ, संडास, स्वयंपाकखोली, गेट, बसस्टॉप, सगळं त्यात येऊ दे. मग जिथं जायला नको वाटतं तिथं लाल खडूनं फुली मारायची. कागदावर नाव कुणाचंच नको, आपलंही नको आणि त्रास देणाऱ्याचंही नको. मुलींचे कागद वेगळे गोळा करा, त्यांच्या फुल्या वेगळ्या जागी पडतात.

आमच्याकडं सगळ्यात लाल झाला तो नळ. बिसिऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं गरम जेवण, झालं की ताटं धुवायला सगळी शाळा एकदम नळावर जाते. थोरली पोरं पुढं घुसतात, धाकट्यांची ताटं खाली पडतात, कुणाच्या पाठीवर उष्टं पाणी उडतं, कुणाला कोपर बसतं. स्टीलच्या ताटांच्या खडखडाटात रडणं कुणाला ऐकू येत नाही, आणि शिक्षकांची डबा उघडायची वेळही नेमकी तीच. पहिली ते तिसरीची मुलं आधी जेवून आधी ताटं धुणार, ती वर्गात गेल्यावर थोरल्यांनी नळावर यायचं, आणि नळाजवळ रोज एक शिक्षक उभा राहणार, एवढंच आम्ही ठरवलं. पैसा लागला नाही. पाळीच्या यादीत मुख्याध्यापकांचं नाव मात्र पहिलं पाहिजे, नाहीतर यादी पंधरा दिवसांत भिंतीवरच राहते. स्वयंपाकाच्या मावशींनाही यात घ्या. कुठलं पोर जेवत नाही, कुणाच्या ताटातलं अंडं दुसराच उचलतो, हे त्यांना आपल्या आधी कळतं.

संडासाला आतून कडी असलीच पाहिजे, आणि सुट्टीत त्या वाटेवर कुणाची तरी नजर पाहिजे. जे पोर दिवसभर पाणी पीत नाही, त्याच्याकडं लक्ष द्या. संडासाला जायला लागू नये म्हणून ते तहान मारत असतं. आमच्या भागात पावसाळाही बेताचा नसतो. मैदानात चिखल झाला की सगळी शाळा व्हरांड्यात कोंडते आणि भांडणं वाढतात. तेवढ्यासाठी कॅरम, सागरगोटे, बुद्धिबळ असले बैठे खेळ आधीच आणून ठेवावेत.

आता भांडण झालंच तर काय करायचं? आधी सोडवायचं आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं. पाणी द्या, श्वास खाली बसू द्या. मग एकेकट्याला विचारा, "आधी काय झालं? मग काय झालं?" "का मारलंस?" असं विचारलं की पोर मान खाली घालतं किंवा थाप मारतं. दोघांना समोरासमोर उभं करून चौकशी कधीच करू नका. जो दुबळा तो "काही झालं नाही बाई" म्हणूनच सुटका करून घेतो. बळंच हात मिळवायला लावणंही नको, त्याचं उट्टं शाळा सुटल्यावर वाटेत निघतं. त्याऐवजी मारणाऱ्यानं भरपाई करायची. वही फाडली तर नवी वही, ताट पाडलं तर आठवडाभर धाकट्यांची ताटं मांडायची. आणि तीन-चार दिवसांनी दोघांनाही परत वेगवेगळं विचारायचं. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त राहून जातं, म्हणून ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

छडी शाळेतून गेलीच पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. "मारा, पण शिकवा" म्हणणारे पालक आजही येतात, मनापासून बोलतात. त्यांना सांगा, ज्या शाळेत मोठं माणूस हात उचलतं तिथं पोर मार खाल्लेलं सांगायला येत नाही, कारण सांगितलं तर आणखी दोन बसतील याची त्याला भीती असते. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जातीवरून, बापाच्या कामावरून, रंगावरून नाव पाडणं हेही मारणंच आहे, मग ते मुलांनी करू दे नाहीतर शिक्षकांनी.

तक्रारपेटी ऑफिसच्या दारात लावू नका, तिथं चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. येता-जाता हात जाईल अशा बोळात लावा. किल्ली एसडीएमसीतल्या एखाद्या आईकडं द्या आणि पेटी ठरलेल्या वारी दोघा-तिघांसमोर उघडा. चिठ्ठी मराठीत असो, कानडीत असो किंवा नुसतं चित्र असो, ती चालली पाहिजे.

सीमाभागातली एक गोष्ट वेगळी आहे आणि ती झाकून चालत नाही. कितीतरी गावांत मराठी आणि कानडी शाळा एकाच आवारात आहेत. घरात, गल्लीत चाललेलं बोलणं पोरं दप्तरातून शाळेत आणतात. १ नोव्हेंबरच्या आगेमागे तर जास्तच, एकीकडं कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडं हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा मराठी लोकांचा काळा दिन. त्या दिवसांत दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी सकाळी गेटवर एकत्र उभं राहावं. पोरं ते बरोबर बघतात. खो-खो, कबड्डीचे संघ दोन्ही शाळांची मुलं मिसळूनच पाडा, मराठी विरुद्ध कानडी असा सामना लावू नका. भाषेवरून चिडवलं तर दोन्ही शाळांत नियम एकच आणि भरपाईही एकच ठेवा.

लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर तिथं शाळेनं मिटवामिटवी करायची नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. भल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मूल बोलायला लागलं की ऐका, मधे विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याचेच शब्द तसेच्या तसे लिहून घ्या आणि पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका. पालकांना हे जरूर सांगा: जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथं घेता येतो, त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस सोबत असतं. नोंद कानडीत होत असेल आणि मुलाला कानडी कळत नसेल, तर दुभाषी देण्याची तरतूद याच कायद्यात, कलम १९ मध्ये आहे. आमच्याकडं याची गरज पदोपदी पडते, आणि मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही. मुलाचं नाव पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

१०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस, तातडीची मदत) हे नंबर व्हरांड्याच्या भिंतीवर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला रंगवून घ्या. ऑफिसातल्या फोनजवळ शाळेचं नाव, गाव आणि तिथं यायची वाट मराठी आणि कानडी दोन्हींत लिहिलेला पुठ्ठा लावा. घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

बसनं येणाऱ्या पोरांची यादी वेगळी करा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत २०२३ पासून सरकारी बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत झाला, हे फार चांगलं झालं, पण सकाळच्या गाडीला गर्दी असते आणि धाकटी पोरं दारातच लोंबकळतात. एका गावच्या थोरल्या-धाकट्यांची जोडी लावा, कंडक्टरशी ओळख करून घ्या. संध्याकाळी गाडी येईपर्यंत स्टॉपवर कोण थांबणार, हे आधीच ठरवून ठेवा.

आणि कंपाउंड, दिवा, संडासाची कडी असल्या गोष्टींसाठी शाळेकडं पैसा नसतो. त्यासाठी ग्रामपंचायतीची मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा, आहे, तिथं मुलांनीच बोलायचं असतं. तुमच्या गावात होत नसेल तर पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, लेखी पत्र द्या. सभेला जाताना ते लाल फुल्यांचे नकाशे मुलांच्या हातात द्या, त्यांची मागणी इतिवृत्तात लिहून घेतली का ते बघा, आणि त्याची प्रत मागून शाळेच्या फायलीला लावा.