वचन वाचलं, पण लावलं कोणाला? रोजच्या मननात या चुका टाळा

वर्ष संपताना, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, आपल्याकडे अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरते. जी हाती येईल ती आपली, वर्षभरासाठी. ज्याला यिर्मया २९:११ (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९वा अध्याय, ११वं वचन) मिळतं त्याचा चेहरा खुलतो: परमेश्वराच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. चिठ्ठी फ्रिजवर लागते, व्हॉट्सअॅपच्या डीपीवर झळकते, आणि मार्चपर्यंत प्रमोशनचं पत्र आलं नाही की तिच्याकडे बघवत नाही.

चिठ्ठ्या काढण्यात वावगं काही नाही. गोंधळ होतो तो वचन कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितलं होतं हे न विचारताच ते उचलल्यामुळे. शास्त्र, म्हणजे बायबल, रोजच्या जगण्याला लावताना होणाऱ्या बहुतेक चुका मला तरी याच एका जागी येऊन मिळताना दिसतात. वचनाचा पत्ता बदलला जातो. कधी दुसऱ्याला दिलेलं आश्वासन आपण आपल्या नावावर करून घेतो, तर कधी आपल्याला केलेली आज्ञा हळूच शेजारच्याकडे सरकवतो.

अकरावं वचन घेतलं, दहावं सोडलं

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातला मोठा भाग म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून जे लोक धरून बाबेलला नेले, त्यांना ते लिहिलेलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो सत्तर वर्षं, आणि ते अकराव्याच्या अगदी आधी, दहाव्या वचनात. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांत जो चाळिशीचा होता, त्याची माती बाबेलातच होणार होती. हिताचे संकल्प खरे, पण ते बघायला नातवंडं असणार होती.

मग तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलं त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी घरदार उद्ध्वस्त केलं त्यांच्याच राजधानीसाठी प्रार्थना!

हे वचन आपल्याला लावायचंच नाही का? लावायचं, पण सगळं पत्र घेऊन. नगरहून नोकरीसाठी पुण्याला आलेली कितीतरी कुटुंबं ‘बदली झाली की परत जाऊ’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षं काढतात. शेजाऱ्यांची नावं माहीत नसतात, सोसायटीच्या मीटिंगला कोणी जात नाही, मुलांना सांगून ठेवलेलं असतं की आपलं गाव वेगळं. आखातात नर्सची नोकरी करणाऱ्यांचंही पुष्कळदा असंच. यिर्मयाचं पत्र नेमकं अशा माणसांसाठी आहे, आणि त्यात सुटकेच्या तारखेआधी मळा लावायला सांगितलंय. तुमच्या वाट्याला हे वचन आलं असेल, तर पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बसा. ते वचन तिथेही लागू आहे, प्रमोशनला लागू आहे की नाही हे मला सांगता येणार नाही.

सुटं वचन सुटतं कसं

थोडा दोष छपाईचाही आहे. मूळ लिखाणात वचनांना आकडे नव्हतेच. नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) आजची वचनविभागणी रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या ग्रीक आवृत्तीतून रूढ झाली. शोधायला फार सोयीची, पण त्यामुळे प्रत्येक ओळ स्वतंत्र सुविचारासारखी दिसू लागली. प्रेषित पौलाने पहिल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं मंडळीत मोठ्याने, सलग वाचण्यासाठी होती. कलस्सैकरांना तो सांगतो, हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा.

फिलिप्पै ४:१३ बघा. मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. दहावीच्या हॉल तिकिटामागे, जिमच्या टी-शर्टवर, दुकानाच्या गल्ल्यावर हे हमखास असतं. पौल ते बंदिवासातून लिहितोय, आणि त्याच्या लगेच आधी म्हणतोय की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, दोन्ही मी शिकलो. ‘सर्व काही’मध्ये उपासमारही मोडते. म्हणजे हे वचन नव्वद टक्के पडलेल्या मुलासाठी आहे तसंच अठ्ठेचाळीस टक्के पडलेल्यासाठीही आहे, आणि निकालाच्या दिवशी दुसऱ्याला त्याची जास्त गरज असते. संडे स्कूलमध्ये हे सुवर्णवचन पाठ करून घेताना बारावं वचनही सोबत द्यावं, एवढं साधं काम आहे.

उपाय तेवढाच साधा: वचन आवडलं की ते पुढे पाठवण्याआधी अख्खा अध्याय वाचा. पत्र छोटं असेल तर अख्खं पत्र. फिलिप्पैकरांचं पत्र १०४ वचनांचं आहे, चहा गार व्हायच्या आत वाचून होतं.

आज्ञा आपल्याला, ऐकवली दुसऱ्याला

लग्नाच्या उपासनेत नीतिसूत्रे ३१ हमखास वाचलं जातं. पुढे घरी सासूबाई नव्या सुनेला आठवण करून देतात की ती सद्गुणी स्त्री रात्र सरली नाही तोच उठते. आता त्या अध्यायाचं पहिलं वचन बघा. एका आईने आपल्या मुलाला, लमुएल राजाला, दिलेली ती शिकवण आहे. सुरुवातच होते ती राजाने मद्यापासून दूर राहावं आणि ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठी तोंड उघडावं, अशी. म्हणजे हा अध्याय सुनेच्या हातात द्यायचा नसून मुलाच्या हातात द्यायचा आहे, आणि तोही पहिल्या वचनापासून.

इफिसकरांस ५ चं तर याहून वाईट होतं. ‘स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा’ हे पुरुषांना तोंडपाठ. त्याच्या आधीचं वचन एकमेकांच्या अधीन राहायला सांगतं हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं. पत्नींना पौल तीन वचनांत सांगतो. पतींना सांगायला त्याला त्याच्या दुपटीहून अधिक जागा लागते, आणि माप असं देतो: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं. पुरुषाने वाचायचं ते हे. आणि घरात हात उगारला जात असेल, तर तो अधीनतेचा प्रश्नच उरत नाही. अशा बहिणीला ‘सहन कर, प्रार्थना कर’ म्हणून परत पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी शास्त्र लावलेलं नाही, लपवलंय. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे, आणि १८१ या क्रमांकावर महिलांना मदत मिळते. पाळकांनी हे दोन्ही माहीत करून घ्यावं.

याच जातीची तिसरी चूक मंडळीच्या हिशेबात दिसते. कोणी विचारलं, की कापणीच्या सणाचे पैसे कुठे गेले, तर उत्तर येतं, ‘न्याय करू नका, मत्तय ७:१.’ वचन आहेच. पण पाचवं वचन म्हणतं, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायचं आहेच, फक्त नीट दिसल्यावर. आणि पैशांपुरतं बोलायचं तर २ करिंथकरांस ८ मध्ये पौल स्वतः यरुशलेमेसाठीची वर्गणी एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. प्रेषिताला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते खजिनदाराला का वाटावं?

दुःखाच्या घरी घाईने दिलेलं वचन

ही चूक चांगल्या मनाची माणसं करतात, म्हणून ती जास्त टोचते. मूल गेलेल्या घरी अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी रोमकरांस ८:२८ म्हणून दाखवतं: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. आई ते ऐकून घेते, काय करणार?

मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी अगदी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय बोलत राहिले. शेवटी परमेश्वर त्यांच्यातल्या अलीफजाला म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. गंमत अशी, की त्याच अलीफजाचं एक वाक्य पौलाने करिंथकरांना शास्त्र म्हणून उद्धृत केलंय: देव ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो. वाक्य खरंच होतं. राखेत बसलेल्या, अंग खाजवत असलेल्या ईयोबाला ते ऐकवायचं नव्हतं, इतकंच.

रोमकरांस आठव्या अध्यायात २८व्या वचनाआधी सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आत्माही शब्दांवाटे सांगता येणार नाही असं कण्हत विनंती करतो. ते कण्हणं वगळून थेट कल्याणावर उडी मारता येत नाही. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात जी आज्ञा भेटायला जाणाऱ्याला आहे ती अशी: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असूनही प्रभू येशू त्याच्या बहिणीला, मरीयेला, आधी काही समजावत बसला नाही, रडला. तर जा, बसा, डबा घेऊन जा, घरच्या मुलांना शाळेत सोडून या. ८:२८ त्या आईला स्वतः म्हणावंसं वाटेल त्या दिवशी तुम्ही ‘आमेन’ म्हणा.

औषध बंद करण्याआधी

प्रार्थना झाली, साक्ष दिली, आणि साखरेची गोळी बंद. हा विश्वास आहे असं वाटणाऱ्यांनी मत्तय ४ वाचावं. मंदिराच्या शिखरावरून उडी मार असं येशूला म्हणणाऱ्या सैतानानेही ९१वं स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं, देवदूत तुला हातांवर झेलतील. प्रभूने उत्तर दिलं तेही शास्त्रातूनच: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. एका वचनाला दुसरं वचन आवर घालतं, ते असं.

शिवाय शास्त्रातली माणसं आजारी पडत होती. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोड्या द्राक्षारसाचा उपाय सुचवतो. दुसरा सोबती त्रफिम याला तो मिलेत इथे आजारीच ठेवून पुढे जातो. हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून मिळाली तेव्हाही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलंच. आणि आपल्याच भागात डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल उघडलं, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले, ते काय विश्वास कमी होता म्हणून? गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरांना रिपोर्ट बघून ठरवू द्या.

काही किरकोळ, पण रोजच्या

डोळे मिटून पान उघडणं आणि बोट पडेल त्या वचनावर स्थळ होकारायचं की नाकारायचं ठरवणं थांबवा. गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर टाकली ती देवाने आधीच स्पष्ट सांगितल्यानंतर, आणि दुसऱ्यांदा टाकताना ‘माझ्यावर रागावू नको’ असंही म्हणाला.

नीतिसूत्रं म्हणजे हमीपत्र नव्हे. ‘मुलाला योग्य वळण लाव’ या वचनाच्या जोरावर बिघडलेल्या मुलाच्या आईबापांना दोषी ठरवू नका. त्याच पुस्तकात २६व्या अध्यायात मूर्खाला उत्तर देऊ नको आणि मूर्खाला उत्तर दे अशी दोन वचनं शेजारीशेजारी आहेत. कधी कोणतं, ते ओळखणं हेच शहाणपण. फॅमिली ग्रुपवर वाद पेटला की ही जोडी आठवावी. माझं मत, बहुतेक वेळा पहिलं.

आणि रोजच्या उताऱ्यातून रोज काहीतरी ‘आपल्यासाठी’ निघालंच पाहिजे हा हट्ट नको. वंशावळीतून बळेच बोध पिळण्यापेक्षा ती नुसती वाचा.

पटतं सगळं, बदलत काहीच नाही

ही तक्रार घरसभेत सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण बहुधा निश्चयातच असतं. ‘मी अधिक प्रेमळ होईन’, ‘मी प्रभूवर अवलंबून राहीन’. असा निश्चय पाळला की मोडला, हे संध्याकाळी सांगता येत नाही.

लूक ३ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी धाक दाखवून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं. कोणालाही तो धंदा सोडायला सांगत नाही, ज्याच्या त्याच्या धंद्यातली नेमकी खोड तेवढी सांगतो. जक्कय नावाच्या जकातदाराने तर पुढे येशूला आकडेच सांगितले, निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. फसवून घेतलेल्या पैशाला नियमशास्त्र मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढंच मागत होतं.

तेव्हा मननाच्या वहीत भावना लिहिण्याऐवजी माणसाचं नाव, रक्कम किंवा काम, आणि वार लिहा. ठेकेदार असाल तर वाळूचं प्रमाण, शिक्षक असाल तर मागच्या बाकावरचं पोर, कार्यालयात असाल तर टेबलावर अडकवून ठेवलेली फाइल.

सुरुवात कुठून करावी सुचत नसेल तर लेवीय १९:१३ घ्या. जानेवारीत उत्पत्तीपासून वाचायला बसलेले लोक फेब्रुवारीत लेवीयमध्ये अडकून वाचन सोडून देतात, त्यामुळे तिथपर्यंत कमीच पोचतात. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असं ते वचन आहे. हे कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न इथे पडतच नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींचे मागच्या महिन्याचे दोन खाडे कापायचे की नाही यावर अडलेला पगार आज संध्याकाळी त्या निघायच्या आत देऊन टाका, खाडे न कापता.