पाण्यात उतरण्याआधीचे तीन दिवस

उन्हाळी शिबिरात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची ताई किंवा दादा म्हणून पहिल्यांदाच जाणार असाल, तर पहिले तीन दिवस मुलाला पाण्यात उतरवायची घाई करू नका. डोंबिवलीत एका जलतरण तलावावर मी हे शिकले, पण एका मुलाला त्रास झाल्यावर शिकले, याचं वाईट अजून वाटतं.

तो नऊ वर्षांचा. बोलणं थोडं, पण लोकलमधल्या घोषणा तोंडपाठ. पहिल्या दिवशी कपडे बदलून बाहेर येतानाच तो पुटपुटायला लागला, "पुढील स्टेशन कोपर, पुढील स्टेशन कोपर." मला वाटलं, स्वारी रमलीये. "हो, कोपर!" म्हणत मी त्याचा हात धरून त्याला काठाशी नेलं. तेवढ्यात सरांची शिट्टी वाजली. पत्र्याच्या छताखाली ती अशी घुमते की आपल्याही कानात कळ येते. त्याने कान गच्च दाबले, मग स्वतःच्याच मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि खोल पाण्याच्या बाजूला धाव घेतली. जीवरक्षक दादांनी आडवं येऊन थांबवलं म्हणून निभावलं.

संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, स्टेशनचं नाव घेतलं की त्याला तिथून निघायचं असतं." म्हणजे तो मला स्वच्छ सांगत होता, मलाच ऐकू आलं नव्हतं.

शिबिराच्या फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना होता, 'नको' कसं सांगतो याचा नव्हता. तो तुम्ही भरून घ्या. नको, पुरे आणि शू लागली, हे मूल कसं सांगतं? कोणता आवाज, कोणता स्पर्श त्याला सोसत नाही? बिथरलं तर घरी काय करतात? उत्तरं सरांना आणि जीवरक्षकांनाही वाचून दाखवा. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याचा अंदाज नसतो, त्यामुळे नजर हटवायची नाही, अगदी टॉवेल घ्यायलासुद्धा.

आता ते तीन दिवस. पहिल्या दिवशी बॅच नसताना नुसतं आवारात फिरा. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून पाय बुडवा. तिसऱ्या दिवशी शॉवर. डोक्यावर पडणारं पाणी काहींना टोचतं, मग मग्ग्याने खांद्यावर घ्या. मी त्याच तलावाचे मोबाइलवर सहा फोटो काढले: चप्पल काढायची जागा, शॉवर, पायऱ्या, पाणी, टॉवेल, बाहेरचा इडलीवाला. झेरॉक्सच्या दुकानात छापून लॅमिनेट केले आणि वेल्क्रोने पट्टीवर लावले. एक काम झालं की त्याचा फोटो पट्टीवरून काढून डब्यात टाकायचा. नेटवरची चित्रं घेऊ नका. त्याच्यासाठी तो दुसराच तलाव असतो.

बोलताना शब्द कमी ठेवा. "चल बरं राजा, आता आपण हळूच पाण्यात जाऊया हं" यापेक्षा "पायरीवर बस" बरं. सांगून झालं की मनात दहा आकडे मोजा. मध्येच पुन्हा सांगितलं तर त्याला पहिल्यापासून ऐकावं लागतं. मला हे सर्वांत जड गेलं.

शिट्टीचं काय? सरांना विनंती केली, त्यांनी आमच्या बॅचला हात वर करून खूण करायला सुरुवात केली. बाकीची मुलं दोन दिवसांत सरावली. कुणी पालक कुरकुरले की "आमची बॅच वेगळी करा" असं पटकन म्हणू नका. पालिकेचा तलाव असेल तर दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधलं कलम 29 वाचून जा. इतरांच्या बरोबरीने मनोरंजनात भाग घेता यावा म्हणून पावलं उचलायची जबाबदारी त्यात शासनासोबत स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे.

यातच पुढे काम करायचं मनात असेल, तर विशेष शिक्षक होण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडची नोंदणी लागते. प्रवेश घेण्याआधी एक उन्हाळा असं काम करून पाहाच.

चौथ्या आठवड्यात एकदा टॉवेलच्या फोटोपाशी आम्ही आलो होतो. त्याने डब्यात हात घातला, पाण्याचा फोटो शोधून काढला, टॉवेलच्या आधी चिकटवला आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. इडलीला त्या दिवशी उशीर झाला.