केएल स्वतः फिरा, मलाक्काला मात्र गाईड घ्या (तीन रात्रींचा हिशोब)

मलेशियाला जाणारे आपले बहुतेक लोक क्वालालंपूर (म्हणजेच केएल), गेंटिंग आणि मग सिंगापूर अशी उडी मारतात आणि मलाक्का हे जुनं बंदराचं शहर राहूनच जातं. नाहीतर पॅकेजमध्ये "मलाक्का डे टूर" असते, त्यात तोंडाला पानं पुसली जातात. आम्ही पहिल्यांदा तेच केलं होतं. सकाळी आठला व्हॅन आली, साडेनऊपर्यंत हॉटेलं फिरून माणसं गोळा केली, मग एक चॉकलेटचं दुकान, मग आणखी एक दुकान, आणि मलाक्काला पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन आणि हातात जेमतेम दोन तास. लाल चर्चसमोर फोटो काढले न् परत. म्हणून दुसऱ्या वेळी सगळं स्वतः ठरवलं, ते सांगतो.

हिशोब सोपाय, केएलला दोन रात्री आणि मलाक्काला एक. केएलमध्ये गाईडवर पैसे घालवू नका, तिथं मेट्रो आहे, ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखी अॅपवरची टॅक्सी) आहे, पाट्या वाचता येतात आणि जे बघायचं ते लांबूनच दिसतं. गाईडचे पैसे मलाक्कासाठी ठेवा, कारण तिथं समोर भिंत दिसते आणि गोष्ट तिच्यामागे असते.

निघायच्या आधी तीन दिवसांच्या आत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. घड्याळ अडीच तास पुढे.

एअरपोर्टवरून केएल सेंट्रलला एक्सप्रेस ट्रेन २८ मिनिटांत नेते, तिकीट माणशी ५५ रिंगिट (रिंगिट म्हणजे वीस-बावीस रुपये धरा), त्यामुळे एकटेदुकटे असाल तर ट्रेन, चौघं असाल तर ग्रॅब परवडते. राहायला केएल सेंट्रलला लागून असलेलं ब्रिकफील्ड्स बघा, तिथलं लिटल इंडिया म्हणजे डोसा, केळीच्या पानावरचं जेवण, फुलांचे हार, सगळं पायाखाली. सोबत शाकाहारी माणसं असतील तर इथंच राहा, वाद घालू नका.

पेट्रोनास टॉवर्स संध्याकाळी बघायचे. ४५२ मीटर, ८८ मजले, दोघांना जोडणारा पूल ४१ आणि ४२ व्या मजल्यावर. वर जायचं तिकीट महाग आहे, आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि सोमवारी बंद असतं. माझं मत विचाराल तर वर जाऊच नका, वरून सगळं केएल दिसतं फक्त पेट्रोनास सोडून. खाली मागच्या केएलसीसी पार्कात तळ्याकाठी बसा, अंधार पडला की कारंजी सुरू होतात, एक रुपया लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाटू केव्हज, म्हणजे डोंगरातल्या गुहेतलं मुरुगनचं (आपल्या कार्तिकेयाचं) देऊळ. केएल सेंट्रलवरून लोकल थेट तिथं जाते. २७२ पायऱ्या आहेत, गुडघे झाकणारे कपडे हवेत, आणि माकडं आपल्या सप्तशृंगीच्या माकडांना शिकवतील अशी आहेत, हातात पिशवी ठेवू नका. माझी आई खाली मुरुगनच्या मोठ्या सोनेरी मूर्तीपाशीच बसली, "मी इथूनच नमस्कार करते, तुम्ही या जाऊन," म्हणाली, आणि आम्ही खाली येईपर्यंत एका तमिळ आजीशी खाणाखुणांनी तिची मैत्री झालेली. दुपारी पाऊस येतो बहुतेक, तेव्हा मॉलमध्ये शिरा. संध्याकाळी मस्जिद जामेकपाशी जा, तिथं दोन नद्या मिळतात, क्वालालंपूर म्हणजे गढूळ पाण्याचा संगम. १८५७ मध्ये कथील शोधायला खाणकामगार इथं आले आणि गाव वसलं, म्हणजे आपल्याकडे बंड पेटलं होतं तेव्हा हे शहर नुकतं जन्माला येत होतं.

मलाक्काची बस टीबीएस नावाच्या टर्मिनलवरून सुटते, केएल सेंट्रलवरून ट्रेननं बंदर तासिक सेलातान स्टेशनला उतरायचं, टर्मिनल पुलानं जोडलेलंय. एसटी स्टँड समजून जाल तर दचकाल, बोर्ड, गेट नंबर, सगळं एअरपोर्टसारखं. साधारण दोन-अडीच तास, शुक्रवारी संध्याकाळी मात्र जास्त. बस शहराबाहेर मलाका सेंट्रलला सोडते, तिथून सिटी बस किंवा ग्रॅब पकडून डच स्क्वेअर, म्हणजे त्या लाल चर्चचा चौक. जाँकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार-शनिवार-रविवारच असतो, त्या हिशोबानं वार निवडा.

आता गाईड. तुमच्या गेस्टहाऊसवाल्याला विचारा, तो कुणालातरी फोन लावतोच. गळ्यात पर्यटन मंत्रालयाचं लायसन्स कार्ड आहे का बघा, दोन-तीन तासांचे पैसे आधीच ठरवा, आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाका की दुकानं नकोत, सेंट पॉल चर्चची टेकडी आणि जाँकरच्या मागची गल्ली दाखवा. साडेआठला सुरुवात करा, अकरानंतर ऊन सोसत नाही.

टेकडीच्या पायथ्याशी आ फामोसा किल्ल्याचा उरलेला एकच दरवाजा आहे. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कनंच १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि हा किल्ला बांधला. १६४१ मध्ये डच आले, मग इंग्रज, आणि इंग्रजांनी १८०७ च्या सुमारास किल्ला उडवून दिला, हा दरवाजा तेवढा वाचला. वर सेंट पॉल चर्च आहे, छप्पर नाही, भिंतींना डचांच्या थडग्यांचे उंच दगड टेकवून ठेवलेत. भिंतीला हात लावून बघा, जांभा आहे! रत्नागिरीतल्या कुठल्याही गडग्यासारखा. आणि चर्चमध्ये जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे, गाईडनं सांगितलं नसतं तर पुढे गेलो असतो. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला, त्याचा देह १५५३ मध्ये काही महिने इथं ठेवला होता आणि मग गोव्याला नेला, जो आपण तिथल्या बाँ जेझू चर्चमध्ये बघतो तोच. बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात तुटलेला. झाड पडून तुटला म्हणतात. गंमत अशी की खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये काढून रोमला पाठवलेला आहे.

खाली आल्यावर नदी ओलांडून जाँकरच्या मागच्या गल्लीत. इथं गणपती आहे, श्री पोय्याथा विनायगर मूर्ती मंदिर, १७८१ चं, डचांनी दिलेल्या जागेवर. देऊळ चिट्टी लोकांचं आहे, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आलेले तमिळ व्यापारी, इथल्याच बायकांशी लग्नं केली, आता घरात मलय बोलतात पण देव आपलेच. शेजारी १७४८ ची मशीद, जिचा मिनार पॅगोड्यासारखा दिसतो, आणि पुढे चिनी देऊळ. सगळं मिळून पाच मिनिटं चालायचं अंतर, पण आमचा तासभर गेला.

खायला चेंडोल घ्या, बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून गुला मलाका, म्हणजे माडाचा गूळच, काळसर, धुरकट वासाचा. गुला हा शब्दही आपल्या गुडापासूनच गेलेला. शाकाहारींनी मात्र भाजीवरही विश्वास ठेवू नये, तिच्यात बलाचान असतो, जवळ्याची आंबवलेली पेस्ट. "बलाचान नको" हे गाईडकडून मलयमध्ये कागदावर लिहून घ्या, आम्हाला तो कागद टूरभर उपयोगी पडला.

हॅलो किटीची सजावट अन् कर्कश गाणी लावलेल्या सायकलरिक्षेत पोरं बसतीलच, भाव आधी ठरवा. रात्री बाजाराच्या गर्दीला कंटाळलात तर नदीकाठी चाला.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर मलाका सेंट्रलवरून थेट एअरपोर्टला बस आहे, केएलला परत जायचं कारणच नाही. आणि पुढे सिंगापूर करणार असाल तर तीही बस इथूनच मिळते, फक्त बॉर्डरवर दोनदा उतरावं लागतं, एकदा मलेशियाच्या तपासणीला आणि एकदा सिंगापूरच्या, तेव्हा बसचा नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, सगळ्या बसेस सारख्याच दिसतात.