कार्बनचा हिशेब वीजबिलापासूनच चुकतो: या चुका टाळा

नाशिक भागातल्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांकडे ग्राहक आता कार्बन उत्सर्जनाचा आकडा मागतात. युरोपला नट-बोल्ट जात असतील तर ऑक्टोबर २०२३ पासून सीबॅममुळे (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनाचा युरोपियन युनियनचा नियम) तिकडचा आयातदारही मागतो. मग कुणीतरी घाईने एक्सेल शीट भरतं आणि पहिली चूक वीजबिलावरच होते.

एचटी म्हणजे उच्चदाब वीज घेणाऱ्या ग्राहकाला महावितरण २०२० पासून केव्हीएएचवर बिल लावतं. पैसे ज्यावर भरतो तोच आकडा शीटमध्ये उतरतो. उत्सर्जनासाठी लागतात केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं, आणि तीही त्याच बिलावर छापलेली असतात. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल तर १ लाख केव्हीएएच म्हणजे ९५ हजार केडब्ल्यूएच. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा; महिन्याला साडेतीन टन नुसते कागदावर वाढले!

डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) डिझेल एकदा मोजलं (लिटरला सुमारे २.७ किलो) की त्याची युनिटं ग्रिडच्या विजेत मिसळू नका. तेच उत्सर्जन दोनदा धरलं जातं.

एसी आणि चिलरमध्ये भरलेला गॅस तर बहुतेक जण विसरतातच. स्टोअरला तो ‘एसी सर्व्हिस’ या खर्चात दडलेला असतो. आर-४१०ए हा एसीतला नेहमीचा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापवतो. वर्षात १० किलो टॉप-अप केला, म्हणजे तेवढा गळाला. ते झाले २० टन. सात हजार लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखंच. सर्व्हिसवाल्याकडून बिलावर किलो लिहून घ्याच.

आकडा कमी आला म्हणून लगेच खूशही होऊ नका. ऑर्डर घटल्या की वीज घटतेच. एक टन मालामागे किती, तेही बघा.

कपातीची सुरुवात मात्र सोलरच्या कोटेशनने करू नका, आधी हवेचा कॉम्प्रेसर बघा. साप्ताहिक सुट्टीला, सगळी मशिनं बंद असताना तो एकटा चालवा आणि घड्याळ लावा. ९० सेकंद लोड (हवा भरतोय), २१० सेकंद अनलोड (नुसताच फिरतोय) म्हणजे त्याच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा गळतेय. कपलिंग, होजपाइप, ड्रेन व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसेल तिथे खडूने खूण करा. दुरुस्तीनंतर प्रेशर ७ बारवरून ६ वर चालतंय का ते पाहा, कॉम्प्रेसरची वीज आणखी सहा-सात टक्क्यांनी उतरते. पुढच्या सुट्टीला पुन्हा घड्याळ लावा. कपलिंग परत ढिली होतात.